एक मिनिट दहा सेकंदांची पेटी

गाणं साडेचार मिनिटांचं आहे. त्यात माझी पेटी वाजते ती एक मिनिट दहा सेकंद. तेवढ्यासाठी तयारी चालली एकोणीस दिवस, आणि त्या एकोणीस दिवसांचे किस्से आमच्या घरात अजून संपलेले नाहीत. कुणी चहाला आलं की अण्णा, म्हणजे माझे सासरे, किस्सा सुरू करतात. मधेच आई, म्हणजे सासूबाई, तो दुरुस्त करतात. शेवट माझा नवरा निखिल पळवतो. मी चहा घेऊन बाहेर येईपर्यंत सगळ्यांचं माझ्यावर हसून झालेलं असतं.

किस्से बहुतेक असेच साठतात. ज्याच्यावर बेतलेलं असतं तो गप्प असतो, आणि जे बाजूला उभे होते त्यांना सगळं आठवतं. शिवाय दर खेपेला थोडी भर पडते. परवा अण्णांनी पाहुण्यांना सांगितलं की मी स्टुडिओत बेशुद्ध पडले. मी बेशुद्ध पडले नव्हते. म्हणून म्हटलं, एकदा लिहूनच काढावं.

*

लग्न होऊन मी इचलकरंजीहून बेंगळुरूला आले तेव्हा सामानात माझी पेटी होती. बसवनगुडीतल्या घरी टेम्पोतून सामान उतरत होतं. अण्णांनी एकेक वस्तू मोजून आत घेतली आणि ही उघडून बघत म्हणाले, "या पेटीत तर साड्या नाहीत."

तिकडे मला 'पेटीवाली मृणाल' म्हणायचे. भजनाला, गॅदरिंगला, कुणाच्या साठीला बोलावणं यायचं. इथे मी निखिलची बायको. त्यात वाईट काही नाही. पण निखिलची बायको व्हायला मला काही शिकावं लागलं नव्हतं. पेटी शिकायला अकरा वर्षं गेली होती.

ओंकार हा निखिलचा ऑफिसातला मित्र, पुण्याचा. आठवडाभर हेब्बाळला कोड लिहितो आणि शनिवार-रविवार एचएसआर लेआउटमधल्या आपल्या खोलीत गाणी करतो. तो एकदा जेवायला आला. निखिलच्या आग्रहावरून मी पेटी वाजवली. ओंकार हातातली भाकरी तशीच धरून ऐकत राहिला आणि म्हणाला, "वहिनी, मला हेच पाहिजे होतं. माझ्या नव्या गाण्यात वाजवाल? प्रॉपर स्टुडिओत?"

मी हो म्हणायच्या आत निखिल हो म्हणाला.

मग ओंकारने लॅपटॉप उघडला. त्यात एक पेटी होती. म्हणजे खऱ्या पेटीचा एकेक सूर कुणीतरी रेकॉर्ड करून ठेवलेला. बटन दाबलं की वाजतो. ना भाता, ना धूळ, ना अडकणारी पट्टी. "सध्या गाण्यात ही टाकून ठेवलीय," तो म्हणाला. "तुमची रेकॉर्ड झाली की हिला काढायचं. आणि टेन्शन नका घेऊ. नाही जमलं, तर ही आहेच."

त्याने ते धीर द्यायला सांगितलं होतं. त्या 'आहेच'ने माझी पुढच्या एकोणीस दिवसांची झोप नेली.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्या मूळच्या धारवाडच्या. त्यांच्या मराठीत कानडी असं मिसळलेलं असतं की कुठे काय संपतं ते त्यांनाही सांगता येत नाही. त्या शांतपणे म्हणाल्या, "म्हणजे सवत आहे की गं तुझी."

तेव्हापासून घरात लॅपटॉपमधल्या पेटीचं नाव सवत.

*

माझी खरी अडचण मी कुणालाच सांगितली नव्हती.

पेटीला दोन हात लागतात. उजवा पट्ट्यांवर, डावा भात्यावर. मला कुणी "हं, आता" म्हटलं की माझा डावा हात थांबतो. उजवा बिचारा धावत असतो, पण हवाच नाही तर सूर कुठून येणार? एकदा परीक्षेत असं झालं होतं. परीक्षकांनी बराच वेळ वाट बघून विचारलं, "सुरू करताय ना?" माझं निम्मं वाजवून झालं होतं.

ही गोष्ट मी लपवून ठेवणार होते, पण घरात अण्णा आहेत. ते एका सरकारी कारखान्यातून टेस्टिंगच्या कामातून निवृत्त झाले. कुठलीही वस्तू त्यांच्यासमोर एकदा बिघडल्याशिवाय त्यांचा तिच्यावर विश्वास बसत नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी अडगळीच्या खोलीचा स्टुडिओ केला. भिंतींना गाद्या उभ्या केल्या, खिडकीवर रजई टांगली, पंखा बंद केला आणि देवघरातला छोटा लाल दिवा काढून दारावर लावला. मग पुठ्ठ्याला कागद लावून, पेन्सिल कानावर ठेवून समोर बसले.

"प्रत्यक्ष परिस्थितीतली चाचणी," ते म्हणाले. "लाल दिवा लागला की स्टार्ट."

लाल दिवा लागला. माझी बोटं चालायला लागली. खोलीत चिडीचूप.

अण्णांनी आधी आपल्या कानातलं मशीन काढून तपासलं. परत बसवलं. थोडे पुढे वाकले. मग माझ्याकडे न बघता कागदावर काहीतरी लिहिलं आणि बाहेर गेले. तो कागद मला नंतर टेबलावर सापडला.

'इनपुट आहे. आउटपुट नाही. ऑपरेटर श्वास घेत नाही.'

*

त्या संध्याकाळपासून आईंचा काढा सुरू झाला. ज्येष्ठमध, मिरे, आलं आणि आणखी काय काय. वाटीभर, सकाळ-संध्याकाळ.

दोन दिवस मी गप्प प्याले. तिसऱ्या दिवशी हिंमत करून म्हटलं, "आई, मी गात नाही हो. वाजवते."

आईंनी क्षणभर विचार केला. "सरी, बरं," म्हणाल्या. "मग हाताला लाव."

*

काढ्याची बातमी शेजारच्या पद्माक्कांकडे गेली. पद्माक्का कन्नड बोलतात आणि मला तेव्हा कन्नड म्हणजे फक्त भाजीवाल्याचं येत होतं. त्या एका सकाळी थेट माझ्या खोलीच्या दारात आल्या, पेटीकडे बोट दाखवलं आणि तोंडभर हसून म्हणाल्या, "वंदु हाडु हाडम्मा."

मी पेटी बंद केली.

त्या आणखी प्रेमाने म्हणाल्या, "हाडम्मा, हाडु." वर हातही हलवला.

आमच्याकडे दारात आलेल्या कुत्र्याला सुद्धा एवढं दोनदा म्हणत नाहीत. नवी सून आहे, परका गाव आहे, माझ्या सरावाचा त्रास होत असणार त्यांना, असं म्हणत मी पेटीवर खोळ घातली आणि ती पलंगाखाली सरकवली. पद्माक्का गोंधळून परत गेल्या. मी त्यांच्या घराच्या बाजूची खिडकी लावून घेतली आणि दीड दिवस पेटीला हात लावला नाही. एकोणीसपैकी दीड दिवस.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आईंनी विचारलं, "पेटी का गं ऐकू येईना?" मी खाली बघून सांगितलं, "पद्माक्का हाड म्हणाल्या."

आई ओट्याला धरून खाली बसल्या. त्यांना हसू आवरेना. "अगं, हाडु म्हणजे गाणं," शेवटी डोळे पुसत म्हणाल्या. "हाडम्मा म्हणजे गा गं बाई. ती तुझी हौस करायला आली होती."

पद्माक्कांना हे कळल्यावर त्यांनी मला हाताला धरून घरी नेलं, केळी दिली, कुंकू लावलं. आता त्या मला मराठीत बोलावतात. मराठी त्यांना एवढंच येतं: "गा."

*

ओंकारने फोनवर एक फाइल पाठवली. उघडली तर नुसतं टक, टक, टक, टक. खाली लिहिलं होतं, 'ही क्लिक. अख्खं गाणं हिच्यावर बांधलंय. कानात लावून वाजवा. हिला सोडायचं नाही.'

आजवर मी माणसांच्या मागे वाजवलं होतं. गाणारा थांबला की थांबायचं, खोकला की भरून काढायचं, पुढचं कडवं विसरला तर आठवेपर्यंत फिरत राहायचं. ही क्लिक कुणासाठी थांबत नव्हती. मी चुकले तरी टक, रडकुंडीला आले तरी टक.

इअरफोनने कान दुखायला लागले म्हणून एका दुपारी दार लावून मी ती फोनच्या स्पीकरवर लावली. आमच्या खोलीला लागून बाथरूम आहे. दिवस उन्हाळ्याचे. बेंगळुरूत उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या घरात टपटप ऐकू येणं म्हणजे घरात चोर शिरल्यासारखं. बाहेर अण्णांचे आवाज यायला लागले, नळ आवळल्याचे आवाज आले, बादल्या आपटल्या. मी मोजण्यात गुंग होते. लक्षात आलं तेव्हा मी दार किलकिलं करून पाहिलं. बाथरूममध्ये प्लंबर पालथा पडला होता, अण्णा गुडघ्यावर बसून टॉर्च धरत होते आणि आई जवळ बादली घेऊन उभ्या होत्या.

"एकसारखं गळतंय," अण्णा त्याला सांगत होते. "एका मिनिटाला बरोब्बर ऐंशी थेंब. मी मोजलेत."

त्याच वेळी सांगायला हवं होतं. पण घरात येऊन मला महिनाही झाला नव्हता, आणि तिघंही इतकी मन लावून काम करत होती. मी आत गेले आणि फोन बंद केला. नेमका तेव्हाच प्लंबरने पाना फिरवला.

"आयतु," तो म्हणाला. झालं.

"याला म्हणतात हात," अण्णा म्हणाले.

त्या प्लंबरचा नंबर अण्णांनी फोनशेजारी भिंतीवर लिहून ठेवलाय. येणाऱ्याजाणाऱ्याला त्याचं नाव सुचवतात. हा किस्सा घरात प्लंबरचा म्हणून सांगितला जातो. त्यात मी नाहीच. अण्णा हे वाचतील तेव्हा वाचतील.

*

आठ दिवस राहिले असताना ओंकारचा मेसेज आला. 'वहिनी, एक रिक्वेस्ट. निखिल म्हणाला, तुम्ही ते काळी एक की काय त्यात प्रॅक्टिस करताय. प्लीज तसं नको. सी शार्पमध्येच पाहिजे. सगळं गाणं त्यात आहे.'

मला गुरुजींनी पट्ट्या शिकवल्या त्या काळी एक, पांढरी चार अशा. शार्प म्हणून मला फक्त चाकू माहीत. निखिल मीटिंगमध्ये होता. मी त्या दुपारी सगळ्या पट्ट्यांतून ते एक मिनिट दहा सेकंद वाजवून पाहिलं. म्हटलं, यातली कुठली तरी शार्प असेलच. पाच वाजेपर्यंत मला मूळचंही येईनासं झालं.

संध्याकाळी अण्णांनी चष्मा लावला, जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर अख्खी पेटी काढली, इंटरनेटवरून एकेका पट्टीचं इंग्रजी नाव शोधून त्यात भरलं आणि बराच वेळ त्या तक्त्याकडे बघत राहिले.

"सी शार्प म्हणजे काळी एक," ते म्हणाले.

"नक्की?"

"दोनदा तपासलं."

मी ओंकारला तसं कळवलं. त्याचं उत्तर आलं, 'ओह नाइस. म्हणजे आपण दोघंही बरोबर आहोत.'

*

सगळेच काही ना काही करत होते आणि आपण नवरा असून काहीच करत नाही, हे निखिलला लागलं असावं. आदल्या शनिवारी तो म्हणाला, "आपण एक ड्राय रन करू."

त्याच्या ऑफिसात कुठलंही काम खरं करायच्या आधी खोटं करून बघतात. बसवनगुडीहून एचएसआरमधल्या स्टुडिओपर्यंत रिक्षाने जायचं, किती वेळ लागतो ते बघायचं, जिने मोजायचे आणि परत यायचं. पण पेटीला उगाच धक्के नकोत. म्हणून त्याने पेटीच्या खोळीत पाच-पाच किलोच्या आट्याच्या दोन पिशव्या भरल्या. "वजन तेवढंच पाहिजे, नाहीतर टेस्टला अर्थ नाही," तो म्हणाला. हा अण्णांचाच मुलगा.

रिक्षावाले पिकल्या केसांचे, गप्पिष्ट काका होते. बीटीएमच्या सिग्नलला रिक्षा थांबली तसे मागे वळून म्हणाले, "अक्का, इसमें क्या है?"

"हार्मोनियम," निखिलने सांगितलं.

"अरे वा. सिग्नल तीन मिनिट का है. स्वल्प बजाव ना."

मी निखिलकडे बघितलं. निखिल सिग्नलकडे बघत होता. मला खोटं बोलता येत नाही, आणि हिंदीत तर अजिबातच नाही. मी म्हटलं, "आज नहीं बजेगा."

"क्यों?"

तेवढ्यात हिरवा लागला, रिक्षाने हिसका दिला आणि खोळीच्या चेनमधून पांढरा फुफाटा उडून निखिलच्या काळ्या पँटवर बसला. काकांनी आरशातून सगळं पाहिलं. पुढच्या सिग्नलला त्यांनी रिक्षा थांबवली. मग अगदी गंभीरपणे विचारलं, "रिकॉर्डिंग किधर है साब? चक्की में?"

*

ड्राय रनला पंचावन्न मिनिटं लागली होती. प्रत्यक्षात रविवार होता, रस्ता रिकामा. आम्ही अर्ध्या तासात पोचलो आणि कुलूप उघडेपर्यंत जिन्यात बसलो. खालच्या दुकानात डोशावर तूप सोडल्याचा वास येत होता. माझी बोटं गार पडली होती. निखिल ती आपल्या हातात धरून चोळत होता आणि म्हणत होता, "काही होत नाही, काही होत नाही." त्याचेही हात गारच होते.

रेकॉर्डिंग करणारे मंजुनाथ पन्नाशीचे, हुबळीचे. काही वर्षं बेळगावात काढलेली. "मराठी येतंय की," ते म्हणाले. "स्वल्प." त्यांनी मला काचेच्या खोलीत बसवलं आणि पेटीला दोन माइक लावले, एक पट्ट्यांपाशी, एक मागे भात्यापाशी. कानांवर हेडफोन चढवले. काचेपलीकडे तिघं: मंजुनाथ, निखिल आणि मांडीवर लॅपटॉप घेतलेला ओंकार. सवतही आली होती.

"रोलिंग," मंजुनाथ म्हणाले.

डावा हात थांबला.

दुसऱ्यांदा थांबला. तिसऱ्यांदाही. काचेपलीकडे ओंकार हसून अंगठा दाखवत होता, आणि दर वेळी तो अंगठा जरा खाली आलेला असायचा. चौथ्यांदा मी डोळे मिटले, दात आवळले आणि भाता कसाबसा हलला. आठ-दहा सूर लागले. कानात मंजुनाथचा आवाज आला, "थांबा मॅडम. काय तर वाजालंय. खण खण."

शोधाशोध सुरू झाली. एसी बंद केला. निखिलने खिशातल्या किल्ल्या बाहेर ठेवल्या. मी मंगळसूत्र कुर्त्याच्या आत टाकलं. जोडवी वाजत असतील म्हणून नवऱ्याचे मोजे पायात चढवले. परत वाजवलं. परत खण खण. मग मंजुनाथनी काचेतून आपल्या मनगटावर बोट ठेवलं, आणि सगळ्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं.

हिरवा चुडा. दोन्ही हातांत मिळून एकवीस बांगड्या.

एकोणीस दिवस तीन इंजिनियर कामाला लागले होते. चाचणी झाली, तक्ता झाला, ड्राय रन झाला. पण बांगड्या कुणालाच ऐकू आल्या नव्हत्या. घरातल्या नव्या सुनेच्या बांगड्या ऐकू येत नाहीत. थांबल्या तर येतात.

हातांना रुमाल बांधले, तर हात प्लास्टर घातल्यासारखे झाले. केसांचे रबर लावले, तर खण खण गेली आणि खट खट आली. ओंकार काचेजवळ येऊन म्हणाला, "वहिनी, पाच मिनिटं काढूनच ठेवा ना." कासाराने हात दाबून भरल्या तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, त्या निघणाऱ्या नव्हत्या. शिवाय पहिली संक्रांत होईपर्यंत चुडा हातात पाहिजे, हे आईंनी गृहप्रवेशाच्या दिवशीच सांगितलं होतं. मी नाही म्हणून मान हलवली.

"इट्स ओके," ओंकार म्हणाला. मनापासून म्हणाला, तेच वाईट होतं. "तुम्ही छानच वाजवलंत. आपण हीच ठेवू." आणि त्याने लॅपटॉप स्वतःकडे वळवला.

"थांबा," मी माइकमध्ये म्हटलं. "आईंना विचारते."

निखिलचा फोन सकाळपासून तिथल्या यंत्राला जोडलेला होता, माझ्या सरावाच्या फाइली ऐकवायला. त्यामुळे त्याने फोन लावला तसा आईंचा आवाज एकदम दोन मोठ्या स्पीकरांतून आणि माझ्या दोन्ही कानांतून आला. मी सगळं सांगितलं. पलीकडे कुकरची एक शिट्टी झाली. बांगडीच्या बाबतीत फोडणं किंवा काढणं हे शब्द आई कधी तोंडातून काढत नाहीत.

"असं चालत नाही म्हणतोय का तो?"

"नाही म्हणतोय."

"आणि तू नाही वाजवलंस, तर सवत वाजणार."

"हो."

"मग वाढव की गं," आई म्हणाल्या. "सरळ वाढव. काय होत नाही. मी आहे. थांब जरा, दूध वर यायलंय." आणि त्यांची पावलं लांब गेली.

मंजुनाथनी मान डोलावली. "सरी अम्मा," म्हणाले आणि समोरची आवाजाची दांडी सरसर वर सरकवली.

मला त्यातलं काही माहीत नव्हतं. हात कशावर आपटावा ते मी बघत होते. पेटीच्या कडेवर नको, पेटी माझ्या पप्पांनी दिलेली. चुडाही त्यांनीच भरवलेला. डावा हात भात्यावर होता, तो उचलायला म्हणून जरा हलवला आणि दोन्ही कानांत एवढ्या मोठ्याने छन्न झालं की मी दचकले. परत हलवला. छन्न. मागे क्लिक चालूच होती, रेकॉर्डिंगही. टक. छन्न. टक. छन्न. डावा हात आपणहून पुढच्या आवाजाला जायला लागला. उजवा कधी पट्ट्यांवर आला मला कळलं नाही. "हं, आता" असं कुणी म्हटलंच नव्हतं.

वाजवून झाल्यावर वर बघितलं तर निखिलने तोंडावर हात धरला होता. ओंकारने ते एक मिनिट दहा सेकंद एकदा ऐकलं. परत एकदा ऐकलं. मग त्याने मांडीवरच्या लॅपटॉपचं झाकण मिटलं आणि मंजुनाथना म्हणाला, "हेच. बांगड्यांसकट."

तेवढ्यात स्पीकरमधून पावलं जवळ आली. पातेलं ठेवल्याचा आवाज आला.

"मृणाल? वाढवल्यास का गं?"

मी तोंड उघडायच्या आत मंजुनाथ बटन दाबून खाली वाकले. "वाढवलं अम्मा. फुल्ल."

पलीकडे हातातली पळी ओट्यावर पडली.

"सगळ्या?" आई म्हणाल्या. "अगं, हातात एक तरी ठेवायचीस."